पाय का सुजतात, आणि डब्यातली पावडर त्यावर काय करते?



या महिन्याच्या आरोग्य पाठाचा विषय तुमच्याच बैठकांमधून आला आहे. बोनकोडे, खैरणे, घणसोली, तळवली, कुठल्याही गावठाणातल्या गटात बसलं की दहातल्या दोघी-तिघी तरी म्हणतात, "संध्याकाळी पाय जड होतात गं, चपलेचा पट्टा रुततो." लगेच कुणीतरी उपाय सांगतं: अमुक पावडर पाण्यातून घे, तमुक चहा पी, वजन उतरेल, सूजही उतरेल. काही गटांत तर अशा डब्यांसाठी अंतर्गत कर्जाची मागणीही येऊ लागली आहे. म्हणजे प्रश्न पायांचा आहे, तसाच बचतीच्या पैशाचाही. म्हणून दोन्ही एकत्र शिकू. मी डॉक्टर नाही. हा पाठ औषध सांगण्यासाठी नाही. कधी घरी काळजी घ्यायची, कधी दवाखाना गाठायचा आणि कुठे पैसे घालवायचे नाहीत, एवढं आपल्याला कळावं म्हणून आहे.

१. आधी सूज ओळखा

पाय जाड असणं वेगळं आणि सुजणं वेगळं. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खळगा पडला आणि तो लगेच भरला नाही, तर तिथे पाणी साचलं आहे. मोज्याचा किंवा पैंजणाचा वळ उमटणं, जोडवी अचानक घट्ट होणं, हीसुद्धा खूण आहे.

मग तीन गोष्टी वहीत लिहा. सूज एका पायाला की दोन्ही? सकाळी असते की संध्याकाळी? कधीपासून आहे? डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. उत्तर तयार असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

२. पाणी साचतं का?

हृदय रक्त खाली पायांपर्यंत ढकलतं. ते परत वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं. शिरांमधल्या छोट्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी उभं राहिलं किंवा पाय मुडपून बसलं की पोटरीचं हे काम थांबतं.

आता आपली कामं बघा. आपल्या आज्या-सासवा भाताच्या खाचरात वाकून लावणी करायच्या, पण दिवसभर चालायच्याही. सिडको आली, जमिनी गेल्या, कामं बदलली. आज कुणी तीन-चार घरची भांडी-लादी करते, कुणी तुर्भ्याच्या बाजारात माल निवडते, कुणी कंपनीत पट्ट्यासमोर उभी असते, कुणी मासळी घेऊन पाटावर बसते. घरी आल्यावर ओट्यापाशी पुन्हा उभं राहायचं. चालणं कमी आणि उभं राहणं जास्त, अशी गत झाली. त्यात वजन वाढलं की पोटाचा भार शिरांवर येतो आणि रक्त वर चढायला आणखी अडथळा होतो. बाळंतपणं झाली की झडपा सैल पडतात, निळ्या गाठाळ शिरा दिसू लागतात. वजन कमी केल्याने पायांना आराम पडतो, हे खरंच आहे. खोटं आहे ते "डब्याने पडतो" हे.

पण सगळी सूज उभं राहिल्याने येत नाही. इतर कारणंही लक्षात ठेवा:

- मूत्रपिंड: सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर सूज, लघवीला फार फेस.
- हृदय: आडवं पडल्यावर धाप लागते, दोन-तीन उशा लागतात, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढतं.
- यकृत: पोट फुगतं, डोळे पिवळे दिसतात.
- थायरॉइड: थकवा, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढतं.
- रक्त आणि प्रथिनं कमी असणं: अंगात प्रथिनं फार कमी झाली की पाणी रक्तवाहिनीत टिकत नाही, बाहेर झिरपतं. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईने हे विशेष लक्षात ठेवावं.
- औषधं: रक्तदाबाची अॅम्लोडिपिन गोळी काहींना घोट्यावर सूज आणते. मेडिकलमधून स्वतःच आणून रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्याने चेहरा आणि पाय दोन्ही भरतात. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.
- हत्तीपाय: डासांमुळे होणारा हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात जुना आहे. तिकडून कामासाठी आलेल्या मैत्रिणी आपल्या वस्त्यांत राहतात. याचे जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून तपासणीसाठी रक्तही रात्रीच घेतात. अशी सूज आहाराने जात नाही. पाय रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आणि जखम न होऊ देणं याने ती आटोक्यात राहते.

खाण्यातली भेसळसुद्धा पाय सुजवते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. हजारो लोकांचे पाय सुजले, ६० च्या वर माणसं गेली. सुट्टं, बिनशिक्क्याचं तेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, ते यासाठीच.

३. या वेळी थांबायचं नाही

- एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा बराच काळ अंथरुणावर पडून राहिल्यावर हा धोका वाढतो. अशा पायाला मालिश करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा.
- सुजेसोबत धाप लागते, छातीत दुखतं. लगेच १०८ ला फोन करा.
- गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर चेहरा-हात सुजले, डोकं जोरात दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येते, पोटात वरच्या बाजूला दुखतं. रक्तदाब वाढल्याची ही खूण असू शकते. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. "पोटुशीचे पाय सुजायचेच" म्हणून घरात बसवू नका.
- लघवी खूप कमी झाली, किंवा पायाची कातडी लाल होऊन ताप आला.

यातलं काही नसलं, तरी दोन आठवड्यांत सूज उतरली नाही तर महापालिकेच्या आपल्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात जा. तिथून गरज पडली तर वाशीच्या सार्वजनिक रुग्णालयात पाठवतात. रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि थायरॉइड या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि डबे पिशवीत घालून सोबत न्या. डबा दाखवायला लाजू नका.

४. मिठाचं पाकीट किती दिवस पुरतं?

अंगात पाणी धरून ठेवण्यात मिठाचा वाटा मोठा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं सगळं आलं.

याचा हिशोब आपण पासबुकासारखा करू. घरात पाच मोठी माणसं आहेत. ५ गुणिले ५ म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. १ किलोचं पाकीट ४० दिवस पुरायला हवं. आज पाकीट फोडलं की त्यावर पेनने तारीख लिहा. ते २० दिवसांत संपलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला १० ग्रॅम गेलं, म्हणजे दुप्पट. बाहेरचं खाणं त्याच्यावर वेगळंच.

मीठ कमी करायचे आपल्या घरातले मार्ग असे:

- भातात आणि तांदळाच्या भाकरीच्या उकडीत मीठ घालणं बंद करा. कालवणात ते असतंच.
- सुके बोंबील आणि जवळा बहुधा बिनमिठाचे, नुसत्या उन्हात वाळवलेले असतात. खारवलेला मासा मात्र मिठातच मुरलेला असतो. तो कोमट पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून घ्या, आणि त्या दिवशी कालवणात वरून मीठ घालू नका. ज्यांचे पाय रोज सुजतात त्यांनी तो टाळलेलाच बरा.
- कोकम, चिंच, कैरी, लिंबू, आलं-लसूण, तिरफळ वाढवा. आंबटाने चव भरून निघते, मीठ कमी लागतं.
- ताटात मिठाची वाटी ठेवू नका.
- सैंधव, काळं मीठ हेही मीठच. त्याने फरक पडत नाही. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपले बरेच गट पापड, लोणची, मसाले विकतात. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण कमी मिठाचा पापड वेगळ्या पाकिटात काढून बघायला काय हरकत आहे? रक्तदाबाचे रुग्ण घरोघरी आहेत, गिऱ्हाईक मिळेल.

५. ताटात काय हवं?

उपाशी राहून सूज जात नाही. प्रथिनं कमी पडली तर ती उलट वाढते. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं असतात, १०० ग्रॅम मासळीत १८-२० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ६-७ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणातही जवळपास तेवढीच. यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील.

वजन उतरवायचं असेल तर ताटाचे तीन भाग करा. अर्धं ताट भाजी: माठ, अंबाडी, शेवगा, दुधी, भेंडी, काकडी. पाव ताट मासळी, अंडं, डाळ किंवा उसळ. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. भात आणि भाकरी एकाच वेळी दोन्ही नको. मासा तळण्याऐवजी कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा.

चहाचाही हिशोब करा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम. तेवढ्यातून २०० कॅलरी येतात आणि पोट काही भरत नाही. आधी दोनचा एक चमचा करा.

पाणी मनाने कमी करू नका. पाणी कमी प्यायचं असेल तर तेही डॉक्टरच सांगतात, ठरावीक आजारांत.

वजन किती उतरावं? आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. ७० किलोच्या बाईने सावकाश साडेतीन किलो जरी उतरवलं, तरी रक्तदाब, साखर आणि गुडघे तिघांनाही फरक जाणवतो. काट्यापेक्षा फीत बरी: बेंबीपाशी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

६. डब्यात नेमकं काय असतं?

"आठ दिवसांत तीन किलो" हे वाक्य नीट ऐका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लघवी किंवा जुलाब जास्त करवले की आठवड्यात दोन-तीन किलो उतरलेले दिसतात. ते पाणी असतं, चरबी नसते. डबा बंद केला की ते परत येतं.

- वजन उतरवायचे चहा: यात बऱ्याचदा सोनामुखी असते, म्हणजे रेचक. रोज घेतलं की पोटॅशियम घटतं. मग पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
- लघवीची गोळी: डॉक्टरांनी दिली तर ती औषध आहे. शेजारणीच्या पाकिटातली घेतली तर धोका.
- ज्येष्ठमध: खोकल्याला चघळला तर ठीक. पण जास्त प्रमाणात, बरेच दिवस पोटात गेला तर तो अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि रक्तदाब वाढवतो. म्हणजे सूज उतरवायला घेतलेली "आयुर्वेदिक" पावडर सूज वाढवू शकते.
- ग्रीन टी अर्क आणि गार्सिनियाच्या कॅप्सूल: कपातला ग्रीन टी वेगळा आणि दाट अर्क वेगळा. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृत बिघडलं की पाय सुजणारच.
- लपवलेलं औषध: सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून काढलं गेलं आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. तरीही "संपूर्ण नैसर्गिक" म्हणून विकलेल्या गोळ्यांमध्ये ते तपासणीत पुन्हा पुन्हा सापडलं आहे.
- प्रोटीन पावडर, शेक: ही सगळी विषारी असते असं नाही. पण तेच प्रथिन अंड्यात आणि मासळीत स्वस्त मिळतं.

पुनर्नवा, आपली घेटुळी, पावसाळ्यात भाजी म्हणून खुशाल खा. पण तिच्या गोळ्या किंवा काढा इतर औषधांबरोबर घ्यायचा असेल तर आधी विचारा.

७. कायदा आपल्या बाजूने आहे

१९५४ साली औषधं आणि जादूचे उपाय यांच्या जाहिरातींवर बंधन घालणारा कायदा झाला. ज्या आजारांवर "हमखास औषध" अशी जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे आणि अंगात पाणी साठून येणारी सूजही आहे. म्हणजे भिंतीवर किंवा मोबाईलवर "सूज आणि चरबी गायब" असं लिहिणाराच कायदा मोडतो.

डबा हातात आला तर बघा: १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का? बनवणाऱ्याचा पत्ता, घटकांची यादी, तारीख आहे का? पूरक आहाराच्या डब्यावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापावं लागतं, म्हणजे "औषध म्हणून वापरण्यासाठी नाही". विकणारी ताई औषध म्हणते आणि डबा स्वतःच नाही म्हणतो! शंका आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ या नंबरवर कळवा.

काही मैत्रिणींना "तूच विक्रेती हो, खाली चार जणी जोड" असंही सांगितलं जातं. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार नाव नोंदवायला पैसे घेता येत नाहीत आणि माणसं जोडण्यावर चालणाऱ्या साखळी योजनेला मनाई आहे. कुणी पैसे मागितले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि एक विनंती, गटाच्या बैठकीत विक्री नको. तिथे बाई नात्याखातर घेते, नाही म्हणू शकत नाही.

आता पैसे मोजू. समजा डबा महिन्याला २,००० रुपयांचा. सहा महिन्यांचे १२,०००. गटातून महिना २ टक्क्यांनी कर्ज काढलं तर सुरुवातीला महिन्याला २४० रुपये नुसतं व्याज. २,००० रुपयांत महिनाभर रोज दोन अंडी, डाळ, भाजी येते आणि तपासणीला जायचं रिक्षाभाडंही सुटतं. आजारपणासाठी कर्ज जरूर द्या, पण चिठ्ठी डॉक्टरांची असावी, विक्रेत्याची नको.

८. रोजचे चार उपाय, फुकटचे

१. दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं आडवं पडून पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर हे करू नका, डॉक्टरांकडे जा.

२. ओट्यापाशी किंवा कामावर उभं असताना दर अर्ध्या तासाने टाचा वीस वेळा वर-खाली करा. पाटावर बसत असाल तर तासाला एकदा उठून चार पावलं चाला.

३. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. चौघी मिळून निघालात तर घरचे काही बोलत नाहीत.

४. घट्ट जोडवी, पैंजण, रबरी पट्टे काढून ठेवा. दाबाचे मोजे डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच घ्या.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

१. मिठाच्या पाकिटावर तारीख लिहून आणा. कुणाचं किती दिवस पुरलं ते फळ्यावर मांडा.

२. प्रत्येकीने आपली अंगठ्याची तपासणी करावी. जिला खळगा पडतो तिचं नाव आरोग्य सखीने लिहून घ्यावं आणि महिन्याभरात तिच्यासोबत एकीने आरोग्य केंद्रात जावं.

३. घरात असलेला डबा, चहा, पुडी बैठकीत आणा. जिने घेतला तिला कुणी हसायचं नाही. सगळ्यांनी मिळून लेबल वाचायचं.

४. चर्चा करा: "आजारपणाचं कर्ज" मंजूर करताना कोणता कागद बघायचा? ठराव करून गटाच्या वहीत लिहा.

दुसऱ्यांची घरं पुसायला, बाजारात उभं राहायला आणि मुलांच्या मागे धावायला हेच पाय लागतात. ते दुखले की आपण शेवटी बघतो. या महिन्यात आधी बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक